लातुरात नवे आहात? मग शेजाऱ्यांपासून असे वाचा

तुमची बदली झालेली असो, की मुलाच्या 'नीट'पायी कुकर आणि गादी घेऊन ट्यूशन एरियात दोन वर्षांचा मुक्काम पडलेला असो, गल्लीनं तुम्हाला आपलं म्हणता कामा नये. ही खबरदारी पहिल्या आठवड्यातच घ्यावी. एकदा कुणी 'चहा घ्या' म्हणून आत बोलावलं की विषय हाताबाहेर गेला.

ओळख होताच विचारा, 'तुमच्याकडं पाणी रेल्वेनं येतं ना?' एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन टँकरमागं धावलेल्या माणसालाच हा विनोद ऐकवावा. मांजरा धरण त्यानंतर कधी भरलं, हे मात्र चुकूनही विचारू नका. लोक तासभर बोलतात आणि ओळख पक्की होते.

नळ इथं रोज येत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता येणार, हे शेजारच्या काकूंना तोंडपाठ असतं. म्हणून त्यांना सोडून सगळ्यांना विचारा. मग नळालाच थेट अर्ध्या एचपीची मोटार जोडा. तिच्या ओढीनं लाईनचा दाब पडतो आणि पुढच्या चार घरांचे नळ नुसते फुसफुसतात. पाईपाला कुठं चीर असली तर शेजारच्या गटारीचं पाणीही आत ओढलं जातं आणि ओढणाऱ्याच्याच टाकीत पहिलं पोचतं. मान तुमचाच. जमिनीखालच्या हौदात पाणी आपसूक पडू द्यायचं आणि मोटार हौदावर लावून ते वर चढवायचं, ही इथली साधी रीत. पण तिनं भांडण होत नाही, मग उपयोग काय?

हौद असलाच तर पाईपाच्या तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या फूट व्हॉल्व्हकडं पाहू नका. त्यात कचरा अडकला की पाईपातलं पाणी खाली उतरतं, मोटार कोरडी फिरते आणि तापून जळते. वरून तांब्याभर पाणी ओतून हवा काढली, व्हॉल्व्ह साफ केला की काम भागतं. हे सांगायला शेजारचे मामा पान्हा घेऊनच येतात. 'प्लंबरला फोन केलाय' म्हणून त्यांना वाटेला लावा. प्लंबर त्यांचाच भाचा निघतो, तेवढी जोखीम घ्यावी लागेल.

बोअरच्या पाण्यात डाळ शिजली नाही तर डाळमिलच्या गावाला नावं ठेवा. पाण्यातला क्षार डाळीला मऊ होऊ देत नाही, डाळीपुरतं जारचं पाणी घ्यावं, हे काकू सांगतीलच. सांगू देऊ नका.

लातूरकरांनीही मागं राहू नये. नव्या भाडेकरूला नळाचा दिवस सांगू नका, दोन बादल्या जास्त भरल्या की जिन्यात उभं राहून मोजा. त्याच्या आईनं 'इथं कोथिंबीर कुठं मिळते' विचारलं तर आधी गाव विचारा, मग तालुका, मग आडनाव. तोवर मंडई उठते.

खरा धोका येळवशीचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं शहर शेतात जातं, दुकानं बंद असतात. 'आज काय बंद आहे का?' असं विचारत रिकाम्या रस्त्यावर फिरा. कुणी शेतावर बोलावलं तर कडब्याच्या कोपीजवळ उभं राहून आंबिलीत काय काय घातलंय ते चौकशीच्या सुरात विचारा. ताक आणि ज्वारीचं पीठ, हे उत्तर मिळाल्यावर 'आम्हाला आंबट चालत नाही' म्हणा. भज्जीत तुरीचे नि वाटाण्याचे दाणे, हरभऱ्याचा पाला असं बरंच काही असतं. ती मात्र घरी कुणी न बघता खा.

शेतावर गेला नाहीत तर संध्याकाळी डबा येतो. तो घासून रिकामा परत करा. चुकून वाटीभर साखर घालून दिलीत, तर पुढच्या येळवशीला नाव यादीत लागतं आणि आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, धरायला तुम्हालाच सांगतात.