कंपनी गेली, स्टॉपचं नाव राहिलं

ठाण्यात रिक्षावाल्याला आपण आजही सांगतो, नितीन कंपनीला सोडा, कॅडबरीला थांबवा, गोल्डन डाइजवरून घ्या. परवा भाचीने विचारलं, मामा इथे खरंच कंपन्या होत्या का? मला एकदम गलबलून आलं.

अगं होत्या म्हणजे काय, ठाणं त्यावरच उभं राहिलं. रेमंडची मिल 1925 ची. एमआयडीसी 1962 ला सुरू झाली आणि तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट. माझे बाबा तिथेच लेथ मशीनवर टर्नर होते, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटेच डबा घेऊन सायकलवर निघायचे, आणि कळवा, डोंबिवली, कल्याण, कुठून कुठून माणसं ठाण्यात कामाला यायची. येणारी गर्दी होती ती. आता सकाळी आठला घोडबंदर रोडला उभं राहून बघा, सगळी गर्दी बाहेर चाललीये, पवई, बीकेसी, ऐरोली.

बाबांना व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती मिळाली तेव्हा ते 49 चे होते. कंपनीत ऑर्डर होत्या, मशीन चालू होत्या, पण मालाच्या नफ्यापेक्षा खालची जमीन महाग झाली होती, मग कोण कशाला लेथ चालवेल?

कंपन्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरवर माझा राग नाही. माणसांना घरं लागतातच, बहीण अशाच एका कॉम्प्लेक्समध्ये राहते, पाणी-लिफ्ट-बाग सगळं छान आहे. रेमंडची मिल 2009 ला बंद झाली, त्या जमिनीवरही आता टॉवर आहेत. माझं म्हणणं एवढंच की इंडस्ट्रियल झोनचा रेसिडेन्शियल करताना बागेला जागा सोडायला लावता, सार्वजनिक सोयींसाठी अमेनिटी प्लॉट मागता, मग तिथे किती हातांना काम होतं ते कुणीच का विचारत नाही? मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी 1991 ला निदान एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला असा नियम तरी आला (2001 ला गिरणीच्या आवारातल्या फक्त मोकळ्या जागेपुरता करून तोही पातळ केला), पण रोजगारासाठी जमिनीचा हिस्सा त्यातही नव्हताच.

दर मोठ्या प्रोजेक्टमध्ये एक गाळ्यांची बिल्डिंग सक्तीची करा. टूलरूम, रिपेरिंग, शिलाई, पॅकिंग, धूर न करणारं कितीतरी काम आहे. दुकानं आणि जिम म्हणजे रोजगार नव्हे हो.

आयटीआय अजून वागळेतच आहे. तिथून फिटर होऊन निघालेल्या पोरांना विचारा काम कुठे शोधताय. अंबरनाथ, तळोजा सांगतील.