७५० जीईव्हीचा ‘दडपलेला’ कण

“२०१५ मध्ये सर्नला ७५० जीईव्ही वस्तुमानाचा नवा कण सापडला आणि वर्षभरात तो दाबून टाकला,” असा संदेश फिरतो आहे. (सर्न ही जिनिव्हाजवळची युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळा; जीईव्ही हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचं एकक.)

“सापडला”? १५ डिसेंबर २०१५ रोजी प्रोटॉनांच्या टकरी टिपणाऱ्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या तिथल्या दोन प्रयोगांनी फोटॉन-जोड्यांच्या (फोटॉन म्हणजे प्रकाशकण) आलेखात ७५०च्या आसपास उंचवटा, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त जोड्या, दाखवला, एवढंच. अ‍ॅटलसचा ३.६ सिग्मा, सीएमएसचा २.६; सिग्मा म्हणजे उंचवटा नेहमीच्या चढउताराच्या किती पट आहे त्याचं माप. ३.६ सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाने असा उंचवटा येण्याची शक्यता सहा हजारांत एक. पण हा हिशेब त्या एकाच जागेचा. शोध शेकडो जीईव्हीच्या पट्ट्यात चालू होता आणि उंचवटा कुठेही आला असता तरी त्याची बातमी झालीच असती. दोन फासे शंभरदा टाकले की कधीतरी दोन्हींवर सहा पडणारच. हे धरलं की अ‍ॅटलसचे २ सिग्मा उरतात, सीएमएसचे जेमतेम १.२. शोध म्हणायला ५ लागतात: ३५ लाखांत एक.

“दोन्ही यंत्रांना एकाच जागी दिसला.” हा मुद्दा रास्त आहे. सिद्धान्तवाल्यांनी शेकडो निबंध लिहिले ते यामुळेच. पण अ‍ॅटलसच्या आकड्यांना उंचवटा रुंद, सुमारे ४५ जीईव्हीचा हवा होता, तर सीएमएसच्या आकड्यांना अरुंद.

“गायब केला.” ऑगस्ट २०१६ पर्यंत अ‍ॅटलसची विदा, म्हणजे नोंदींचा साठा, ३.२ वरून १५.४ व्यस्त फेम्टोबार्नवर (किती टकरी जमल्या ते मोजण्याचं एकक) गेली, म्हणजे जवळपास पाचपट. खरा कण त्याच पटीत वाढतो, पार्श्वभूमीतला, म्हणजे नेहमीच्या जोड्यांच्या संख्येतला, चढउतार मात्र वर्गमुळाने. मग ३.६चे ८च्या आसपास व्हायला हवे होते. झालं उलटं. २०१५च्या नोंदी कुणी पुसल्या नाहीत. नव्या नोंदींनी त्यांना साथ दिली नाही.

“बहुतेक टकरी फेकूनच देतात.” देतात; सेकंदाला ४ कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात आणि हजाराच्या आसपास नोंदी साठवल्या जातात. पण अ‍ॅटलसच्या ट्रिगरला, म्हणजे कोणती नोंद ठेवायची ते ठरवणाऱ्या यंत्रणेला, ३५ आणि २५ जीईव्हीची फोटॉन-जोडी पुरते. ७५०च्या कणाचे फोटॉन तीनशेच्या घरातले. अशी जोडी फेकली जाईल कशी?

दडपण्याचं म्हणाल, तर सीएमएसमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही (टीआयएफआर) आहे आणि अ‍ॅटलसची २०१५-१६ची प्रोटॉन-विदा जुलै २०२४ पासून सर्वांना खुली आहे. आलेख स्वतः काढून पाहा. फक्त आलेखातल्या कप्प्यांची, म्हणजे ज्या वस्तुमान-पट्ट्यांत नोंदी मोजायच्या त्यांची, रुंदी आकडे पाहण्याआधी ठरवा. अ‍ॅटलसने ४० जीईव्ही ठेवली होती. नोंदी पाहून कप्पे सरकवायला लागलात तर ७५०लाच काय, ९२०लाही उंचवटा काढता येईल.