सिस्टरनं हे विचारायचं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, रुग्णाची स्वप्रतिमा, लैंगिकता आणि अध्यात्म यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सिस्टरनं वेळेवर इंजेक्शन द्यावं, ड्रेसिंग नीट करावं. नवरा-बायकोचं खासगी आणि देवधर्म विचारण्याचं हे परदेशी खूळ आमच्या भागात कशाला? एकीच्या माथी अख्खा वॉर्ड, तिला वेळ कुठला?" तुम्ही निपाणीचे, मी बेळगावात नर्सिंग करते. भाग आपला एकच, म्हणून सविस्तर लिहिते.

वॉर्डातल्या गर्दीचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण न विचारल्यानं वेळ वाचतो, हे मला पटत नाही.

खानापूरकडच्या एका मावशींचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पोटावर शौचाची वाट काढून बॅग लावली. जखम छान भरली. पुढं काही आठवड्यांनी त्या परत आल्या त्या वाळून गेलेल्या, उभं राहिलं की चक्कर. सलाइन लावलं. मुलाला चहाला पाठवून मी विचारलं, "मावशी, घरात झोपता कुठं?" "सोप्यात," म्हणाल्या. मग एकेक बाहेर आलं. अंगाला घाण बांधलेली म्हणजे कायमचा विटाळ, म्हणून देवघर बंद, चूल बंद. मालकांना वास येईल म्हणून अंथरूण बाहेर सोप्यात. आणि बॅग भरूच नये म्हणून जेवण एकदाच, पाणी घोटभर. पुस्तकात हे तीन वेगळे धडे आहेत. मावशींच्या बाबतीत तिन्ही मिळून एकच दुखणं होतं, आणि त्यानंच त्यांना परत खाटेवर आणलं.

बॅग तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, नीट चिकटलेली असली तर वास बाहेर येत नाही, अंघोळ चालते, मालकांच्या जवळ जाण्याआधी ती रिकामी करून वर कापडी कव्हर घालता येतं, हे सगळं मी सांगितलं. सोवळ्याचं मात्र मी काहीच बोलले नाही. त्यांच्या दिंडीतल्या वडीलधाऱ्या माळकरी बाईंना बोलावून घ्या, एवढंच सुचवलं. त्या येऊन बोलल्या आणि मावशी देवघरात जाऊ लागल्या. माझ्या शब्दानं हे झालं नसतं. अध्यात्माची काळजी म्हणजे सिस्टरनं प्रवचन करणं नव्हे, काका.

खरं तर ऑपरेशनच्या आधीच पोटावर बॅगेच्या जागेची खूण करताना हे विचारायचं असतं. रुग्णाला उभं करून, बसवून, वाकायला लावून बघतात: परकराची नाडी कुठं येते, धोतराची गाठ कुठं बसते, लिंगायतांच्या इष्टलिंगाच्या पूजेला किंवा नमाजाला बसल्यावर पोटाला वळी कुठं पडते. खूण चुकली की बॅग गळते.

दुसरं, हृदयविकाराचं. झटका येऊन गेलेला माणूस 'परत संबंध ठेवू का' हे डॉक्टरांच्या राउंडला, सुनेसमोर विचारत नाही. भीतीनं बायकोपासून लांब राहतो, नाहीतर गुपचूप मेडिकलमधून ताकदीची गोळी आणतो. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल, म्हणजे या ताकदीच्या गोळीतलं औषध, घेतलं तर रक्तदाब धाडकन उतरून जीव जाऊ शकतो. प्रकृती स्थिर असेल आणि दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुतेकांना संबंधांची भीती नसते. पण आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

आपल्याकडं अडचण लाजेपेक्षा भाषेची मोठी आहे. पेशंट मराठी, सिस्टर कन्नड किंवा मल्याळी, मध्ये दुभाष्या म्हणून मुलगा. आईला असला प्रश्न तो कसा विचारणार? म्हणून वॉर्डात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी एक तरी बाई प्रत्येक पाळीला हवी, असं मी धरून बसते.

'परदेशी' म्हणाल तर पद्धत तिकडची आहेच. रुग्णाशी लैंगिक प्रश्नांवर पायरीपायरीनं कसं बोलावं याची प्लिसिट पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडली. तिची पहिली पायरी आहे परवानगी: "या आजारात पुष्कळांना याबद्दल शंका असतात, तुम्हाला काही विचारायचंय का?" नको म्हटलं तर विषय तिथंच संपतो. यात आपल्या भागाची कुठली मर्यादा मोडते? आणि सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन आजोबांना मधुमेहाची गोळी 'रात्री जेवणानंतर' लिहून दिली, तर ती घ्यायची कधी, हे देवधर्म विचारल्याशिवाय कळणार कसं?

एका सिस्टरकडं इतके पेशंट नसावेत, ही तुमची तक्रार मात्र सोडू नका. ती लेखी द्या, गावातल्या चार जणांच्या सह्या घ्या. माझीही सही घ्या.