टेकडी चढले, वहीत लिहिली

गेल्या महिन्यात एका लग्नात भाच्यानं विचारलं, "मावशी, तू डोंगर चढतेस म्हणे. शेवटचा कुठला गड केलास?" मी म्हटलं, "परवाच सूसच्या बाजूची एक टेकडी केली." त्यावर तो म्हणाला, "टेकडी काय 'करायची' असते? टेकडीवर नुसतं जातात." पंगतीत वाढपी डोक्यावर उभा होता, बोलणं तिथंच राहिलं. म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुण्याच्या आसपासच्या, पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल अशा टेकड्या मी एकेक करून चढते आणि वहीत लिहिते. तारीख, कुठल्या बाजूनं चढले, माथ्यावर काय आहे, खालच्या वस्तीत तिला काय म्हणतात. काल ४१ वी झाली. यातल्या एकीलाही दोर लागत नाही. चांगले बूट, पाणी, टोपी आणि सोबत एक माणूस एवढं पुरतं. (सोबत खरंच न्या. आडबाजूच्या टेकडीवर एकट्यानं जाऊ नये, बायकांनी तर नाहीच, आणि अंधार पडायच्या आत खाली यावं.)

मोजून पूर्ण करणं आपल्याला नवीन नाही. अष्टविनायक झाले का, साडेतीन पीठांपैकी कुठलं राहिलं, बारा ज्योतिर्लिंगांतली किती झाली, हे आपल्या घराघरांत विचारतात. सिंहगडाच्या वाऱ्या मोजणारे तर पुण्यात गल्लोगल्ली आहेत. दर रविवारी आतकरवाडीतून चढून वर पिठलं-भाकरी खाणाऱ्या या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एकच गड शंभर वेळा चढणं आणि शंभर टेकड्या एकेकदा चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडाची वाट पायांना पाठ होते. नव्या टेकडीला दर वेळी वाट शोधावी लागते, कुणाला तरी विचारावं लागतं, आणि त्या विचारण्यातच खरी गंमत आहे.

हा छंद जगात जुना आहे. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या ३,००० फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि ती सगळी चढून संपवण्यात लोक आयुष्यातली कित्येक वर्षं घालवतात. खुद्द मन्रोंची यादी मात्र अपुरीच राहिली. १९१९ मध्ये ते गेले, तोवर स्काय बेटावरचा एक अवघड सुळका त्यांना साधला नव्हता. स्कॉटलंडमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. आपला सिंहगड १,३१२ आणि तोरणा १,४०३ मीटर! हे वाचून मला आधी फार अभिमान वाटला, मग लक्षात आलं की बेन नेव्हिसवर माणूस जवळजवळ समुद्रकाठापासून चढत जातो आणि आपण पुणेकर राहतोच मुळी साडेपाचशे मीटरवर. शहरातली वेताळ टेकडी साधारण ८०० मीटर, पण पायथ्यापासूनचा चढ अडीचशेच्या आतबाहेर. तेव्हापासून मी वहीत उंची लिहीत नाही, चढ लिहिते.

आता टेकडी कशाला म्हणायचं? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. कात्रज ते सिंहगड रात्रीची चाल केलेल्या दोघांना विचारा. एक म्हणेल तेरा टेकड्या लागतात, दुसरा म्हणेल सोळा. दोघंही खरं बोलतात. प्रत्येक उंचवट्याला टेकडी म्हटलं तर आकडा फुगतो, आणि दमलेला माणूस तर प्रत्येक चढ मोजतो. मी माझ्यापुरता नियम केलाय. दोन माथ्यांच्या मधल्या खिंडीत उतरून परत निदान दहा मजली इमारतीइतकं, म्हणजे तीसेक मीटर, चढावं लागलं तर ती वेगळी टेकडी. नाहीतर एकाच टेकडीचा खांदा. दुसरा नियम असा की पायथ्यापासून पायीच चढायचं. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्यानं गाडी वर नेऊन सपाटीवर चक्कर मारली तर व्यायाम जरूर होतो, पण माझ्या वहीत वेताळ टेकडी होत नाही. चतुःशृंगीच्या तर नावातच चार शिखरं आहेत. ती चार नेमकी कुठली, हे ठरवायला मी तीन सकाळी घालवल्या आणि चौथ्या शिखराबद्दल माझं आणि माझ्या मैत्रिणीचं अजून एकमत नाही.

आणि नावं तर बघा. वेताळ, तळजाई, वाघजाई, तुकाई, म्हातोबा. प्रत्येक माथ्यावर कुणी ना कुणी बसलेलं आहे. देहूच्या भोवती भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तुकोबांचे तिन्ही डोंगर सोपे आहेत, आणि तिन्ही एका महिन्यात करताना मला पहिल्यांदा कळलं की एकावरून दुसरा कुठल्या दिशेला दिसतो. पुस्तकात वाचून हे कळलं नसतं.

चढताना पायांना एक गोष्ट जाणवते, ती सांगते. आपल्या टेकड्या सलग चढत नाहीत. एक उभा टप्पा, मग सपाटी, परत उभा टप्पा, परत सपाटी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. त्यातले कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. माथ्यावर बसल्यावर हाताखालचा दगड निरखून बघा. बऱ्याच ठिकाणी तो भोकाभोकांचा असतो. थंड होणाऱ्या लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे ते. काही भोकांत पांढरं, साबुदाण्याएवढं स्फटिक भरलेलं असतं. बोट फिरवलं की खरखरीत लागतं. मी दर माथ्यावर आधी हा दगड शोधते, मग डबा उघडते.

या छंदातली मला सर्वांत प्रिय नोंद २९ नंबरची आहे. पावसाळा नुकताच सरला होता, गवत कमरेएवढं, मोजे कुसळांनी भरलेले. वर एक आजोबा शेळ्या घेऊन बसले होते. मी विचारलं, "बाबा, या टेकडीचं नाव काय?" ते म्हणाले, "नाव? आमी वरचा माळ म्हनतो." मग थोड्या वेळानं स्वतःच हात करून म्हणाले, "ती तिकडली घोडखिंड. तिच्या अंगाला खालचा माळ. अन् ती पलीकडली होती, ती आता न्हाई."

ती पलीकडली मी आधी चढले होते. माझ्या वहीत ती १७ नंबरला आहे. त्या दिवशी वरच्या माळावरून पाहिलं तर तिची अर्धी बाजू उभी कापलेली होती, लाल मुरमाची भिंत, खाली डंपरची रांग. मी चढले होते ती वाट जिथून जायची तिथं आता नुसती हवा होती. शेजारून दर शनिवारी गाडीनं जात असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजोबांच्या आलं होतं, कारण त्यांना तिचं नाव ठाऊक होतं.

माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. टेकडी 'करायला' हवी. वेताळ टेकडीवरून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला तेव्हा मीही चालले. माझ्या आजूबाजूला होते ते बहुतेक सगळे वेताळ टेकडीवर रोज पाय ठेवणारे. तिथला मोर कुठल्या झाडावरून ओरडतो, खाणीतलं पाणी कुठल्या महिन्यात कुठवर उतरतं, हे सांगू शकणारे लोक. वेताळ टेकडीला अशी माणसं आहेत. शहराच्या हद्दीबाहेरच्या, नाव फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या टेकड्यांना कोण आहे? पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. पण त्याच्या पलीकडची १७ नंबरची टेकडी कापली गेली तेव्हा वाद घालायलाही कुणी नव्हतं. तिथं वर्षातून पन्नास माणसं जरी माथ्यावर जाऊन, नाव विचारून, घरी सांगत असती, तरी पहिला डंपर आला त्या आठवड्यात कुणीतरी फोन फिरवला असता.

१७ नंबरची नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे दुसरी तारीख लिहिली आहे.

आता कात्रज–सिंहगडाची रांग दिवसाउजेडी, तुकड्या-तुकड्यांनी करायला घेतलीय, प्रत्येक खिंड मोजत. त्या रांगेतल्या टेकड्यांना खालच्या गावांत काय म्हणतात, हे कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. तिकडचे आजी-आजोबा ओळखीत असतील तर त्यांना विचारून लिहा. वहीत सहा ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत.