वापरलेल्या एसयूव्हीच्या तपासणीबाबत आपण केलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिले की, आम्ही तपासणीचे १,८०० रुपये घेऊन गाडी ठीक असल्याचे सांगितले, दोनच महिन्यांत ती वळताना खालून धक्के देऊ लागली, नागपूरला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) बदलण्याचा अडीच लाखांचा अंदाज मिळाला आणि आम्ही विक्रेत्याला सामील असलो पाहिजे. कापसाच्या चुकाऱ्यातून ही गाडी घेतल्याचेही आपण लिहिले आहे. त्यामुळे हे उत्तर चार ओळींत आटोपणे मला योग्य वाटत नाही.

शेवटच्या आरोपाचे आधी सांगतो. विक्रेत्याला मी तपासणीच्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिले आणि त्याच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. तपासणीचे पैसे आम्ही नेहमी घेणाऱ्याकडूनच घेतो. दोन्हीकडून घेतले तर त्या कागदाला काही अर्थच उरत नाही.

आता माझ्या चुकीबद्दल. जॉबकार्डवर मी ‘पुढचे टायर नवे, मागचे झिजलेले, कंपनी वेगळी’ एवढेच लिहिले. त्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगितला नाही, आणि आपण ते टायरच्या खर्चापुरते घेतले, यात आपला दोष नाही. आपल्या गाडीत गिअरबॉक्समधून आलेली ताकद ट्रान्सफर केसमध्ये येते आणि तिथला अनेक प्लेट्सचा क्लच ती गरजेनुसार पुढच्या चाकांना देतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मागच्यांची ३ ते ४ उरलेली होती. एवढ्या फरकाने चाकाच्या घेरात सुमारे एक टक्क्याचे अंतर पडते, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो फरक क्लचला सतत घसरून सोसावा लागतो. तेल तापून खराब होते, प्लेट्स गुळगुळीत होतात आणि मग स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना गाडी अडखळू लागते. हा दोष महामार्गावर कळत नाही. मी मात्र गाडी महामार्गाने जाम गावच्या चौरस्त्यापर्यंत चांगली पळवून आणली, टर्बोची ओढ आणि गिअर पडण्याची पद्धत पाहिली आणि समाधान मानले. मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग वळवून आठच्या आकड्यात ती हळू फिरवून पाहायला हवी होती. ते मी केले नाही, आणि याचा दोष सर्वस्वी माझा आहे.

मात्र ‘गाडी ठीक आहे’ असे मी म्हटले नव्हते. गाडी आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, ती नागपूरहून चालत आल्यामुळे इंजिन पूर्ण तापलेले होते, इसार दिला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया असल्याने आपल्याला त्याच मुहूर्तावर गाडी घरी न्यायची होती. म्हणून जॉबकार्डच्या खालच्या भागात ‘पाहता आले नाही’ या शीर्षकाखाली मी तीन गोष्टी लिहिल्या, आणि त्यावर आपली सही आहे: थंड इंजिन सुरू करणे, एअर सस्पेन्शन रात्रभर उभे ठेवून पाहणे आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) गळती शोधणारी दाबचाचणी.

या तीन गोष्टींवर मी एवढा भर का देतो, ते इतर घेणाऱ्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी, सैल झाली असेल तर तिचा खडखडाट थंड इंजिनच्या पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर झिरपलेले तेल सकाळच्या पहिल्या निळ्या धुरातून कळते. तापवून आणलेल्या गाडीत ही दोन्ही लक्षणे लपून जातात. एअर सस्पेन्शनच्या फुग्याला बारीक चीर असली तरी त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत गाडी ताठ उभी दिसते. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो. असा कॉम्प्रेसर गळती भरून काढता काढता स्वतःही जळतो. कूलंटचे तर आपल्या भागात विशेषच महत्त्व आहे, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि या ताकदवान इंजिनांत उष्णता मुळातच जास्त असते. पहिल्या पिढीच्या पोर्शे कायेनच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात कूलंटचे प्लास्टिकचे पाइप उष्णतेने तडकत, म्हणून पुढे त्या जागी ॲल्युमिनियमचे पाइप आले. गाडी कोणतीही असो, प्लास्टिकच्या जोडांना वय आणि उष्णता हेच मारक ठरतात.

गाडीच्या कॉम्प्युटरमधील दोषांच्या नोंदी (कोड) वाचणाऱ्या स्कॅनरबद्दलही मी त्या वेळी आपल्याला सांगितले होते. दोषाचा एकही कोड दिसला नाही, पण कोड पुसल्यानंतर गाडी फक्त ३८ किलोमीटर चालल्याची नोंद होती. पाटी कोरी असणे आणि नुकतीच पुसलेली असणे यात फार फरक आहे. त्या दिवशी मी आपल्याला इसार सोडून द्या असा आग्रह केला असता, तर ते जास्त बरे झाले असते.

गिअरबॉक्सचे तेल कधीच बदलावे लागत नाही, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितल्याचे आठवते. ते खरे मानू नका. आठ गिअरच्या या बॉक्सची निर्माती झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. एक चांगली बाब मात्र आहे: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीच्या पुरात नागपुरात बऱ्याच गाड्या बुडाल्या, म्हणून तिकडची गाडी आली की आम्ही गालिचा उचलून वायरिंगचे जोड आणि सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवरील गंज पाहतो, आपल्या गाडीत तसे काही आढळले नाही.

आता पुढचे. नवीन ट्रान्सफर केस लगेच घेऊ नका. आधी चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे व सारख्या नक्षीचे करा आणि ट्रान्सफर केसमध्ये कंपनीने सांगितलेलेच तेल भरून ती स्कॅनरने पुन्हा कॅलिब्रेट (जुळवणी) करून घ्या. प्लेट्स फार जळालेल्या नसतील तर धक्के पुष्कळदा एवढ्यानेच थांबतात. न थांबल्यास ट्रान्सफर केसचा क्लच आणि तो दाबणारी मोटर वेगळी तपासता येते. तेल बदलण्याची मजुरी मी घेणार नाही, आणि अपुऱ्या तपासणीचे पूर्ण पैसे घ्यायला नको होते म्हणून १,८०० पैकी ९०० रुपये परत करीत आहे. सोमवारी आमचे गॅरेज बंद असते. इतर कोणत्याही दिवशी संध्याकाळी गाडी आणून रात्रभर आमच्याकडे ठेवा आणि सकाळी सात वाजता, इंजिन सुरू करण्याच्या वेळी, आपण स्वतः हजर राहा.