झड, बिबडे आणि ३००० मिलिमीटर

चार दिवसांपासून झड लागलीय आणि कॉलनीच्या ग्रुपवर एकच रडगाणं सुरू आहे. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटलं, घरभर कुबट वास. हीच मंडळी जूनअखेर आभाळाकडे बघत दुबार पेरणीच्या काळजीत होती! काल जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "तू अंदमानात तीन वर्षं कशी काढली गं?"

खरं सांगू? पहिलं वर्ष रडून काढलं.

यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली तेव्हा माहेरी सगळ्यांना हेवा वाटला होता. (२०२४ पासून त्या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय.) अमळनेरची पोरगी, उन्हाळ्यात हंडे मोजत वाढलेली, आता चहूकडून पाण्यात राहणार! निघताना वडील म्हणाले, "थोडं पानी आठेबी धाडी देजो."

आपल्या जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं ३०००च्या आसपास. 'मान्सून अंदमानात दाखल' ही मे महिन्यातली बातमी ऐकून इकडे सगळ्यांना हायसं वाटतं, पूर्वी मलाही वाटायचं. तिथं गेल्यावर कळलं की ती बातमी म्हणजे कपड्यांच्या दोऱ्या घरात बांधायचा दिवस. नैऋत्येचा पाऊस सरतो ना सरतो तोच ईशान्येचा येतो, थेट डिसेंबरपर्यंत. त्यात घड्याळ आपलंच, पण बेट कितीतरी पूर्वेला. संध्याकाळी साडेपाचला अंधार, बाहेर पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलायचं.

मला पाऊस खरा कळला तो बिबड्यांवरून. आईनं एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळवलेले ज्वारीचे बिबडे (आपले खान्देशी पापडच ते) मी डबाभर नेले होते. जुलैत एकदा तळायला काढले. एक उचलला तर तो मोडलाच नाही, वाकला. ओल्या फडक्यासारखा बोटांवरून लोंबला. खालच्या थराला हिरवट लव धरली होती. मी ओट्यापाशी बसून रडले. बिबड्यांसाठी कोण रडतं! पण रडले. आठवड्यानं कपाट उघडलं तर लग्नातल्या शालूवर पांढरे ठिपके, यांच्या पट्ट्यावर बुरशी.

शेजारच्या तमिळ काकूंनी तेव्हा मला हाताशी धरलं. कपाटात जुन्या पद्धतीचा छोटा पिवळा बल्ब लावायचा, कपड्यांपासून लांब. एलईडी चालत नाही, तो तापतच नाही. मीठ, बिस्किटं, काड्यापेटी, पापड, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. चामड्याच्या चपला विसरायच्या, रबरी घ्यायच्या. जीन्स तर मी बांधूनच ठेवली, ती चार दिवस पंख्याखाली टांगली तरी शिवणीत ओली राहायची. जहाज वेळेवर आलं नाही तर कांदा-टोमॅटो महाग होणार हे धरून चालायचं. समुद्र खवळला की हॅवलॉक बेटाच्या बोटी बंद, पाहुणे तिकडेच अडकणार, त्यावर चिडायचं नाही.

पण काकूंनी शिकवलेली मोठी गोष्ट वेगळीच. एकदा मी खिडकीत उभी होते, म्हटलं उघडीप झाली की बाजारात जाऊ. त्या छत्री घेऊन निघालेल्याच होत्या. हसून हिंदीत म्हणाल्या, "किसका इंतजार कर रही हो?" मला उत्तर सुचलं नाही. आपण खान्देशी माणसं आयुष्यभर पावसाची वाटच पाहतो, आधी येण्याची आणि मग थांबण्याची. तिथं पोरं भर पावसात फुटबॉल खेळतात, मासळीवाली भिजत बसते.

यात आपलं फार चुकतं असंही मला वाटत नाही. आमच्या आजीचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश तापलं तरी आत गारवा. ते घर उन्हासाठीच बांधलेलं. पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायची, तरी झड लागली की घरभर पातेली मांडावी लागत. तिथली घरं उतरत्या पत्र्याची, पाणी क्षणभर टिकत नाही. ज्याला जे सोसायचं असतं, तो त्याचीच तयारी करतो. त्यामुळे चार दिवसांच्या ओल्या कपड्यांवर कुरकुरणाऱ्यांना मी हसत नाही. (थोडंसं हसते.)

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. एवढा पाऊस पडणाऱ्या त्या गावात मार्च-एप्रिलमध्ये नळाला पाणी मोजून मिळतं! उभे डोंगर, लहान ओढे; पडलेलं पाणी धावत समुद्रात जातं. शहराची भिस्त मुख्यतः धनीखारीच्या धरणावर. जानेवारीनंतर पाऊस आटला की पातळी खाली. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा वडिलांना खरंच वाटेना. समुद्राच्या मधोमध बसून पोरगी पुन्हा हंडे मोजत होती. काकूंनी मात्र पत्र्याच्या पन्हळीखाली दोन निळे ड्रम मांडलेले होते, वर फडकं बांधून. उन्हाळ्यात टंचाई सुरू झाली की पहिले काही दिवस त्या निवांत असायच्या.

ती सवय माझ्या हाताला लागली ती लागलीच. आज सकाळी भर पावसात गच्चीच्या पाइपाखाली बादली लावत होते, तर समोरच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "काय हो ताई, आज नळ नाही आला का?"