‘फोर्स मेजर’ म्हणजे भरपाईची हमी नव्हे

‘परदेशातल्या कंत्राटात फोर्स मेजरचं कलम असलं की सगळं नुकसान भरून मिळतं,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. फोर्स मेजर म्हणजे युद्ध, भूकंप अशी कोणाच्याही हाताबाहेरची घटना.

फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं १९९९चं रेड बुक, म्हणजे बांधकाम कंत्राटाचा नमुना, बघा. भूकंप, चक्रीवादळ आलं तर मुदत वाढते, खर्च मिळत नाही. साइटवर उभ्या क्रेनचं भाडं, कामगारांचा पगार कंत्राटदाराच्याच माथी. युद्धात खर्च मिळतो, नफा नाही. बंडाळीत खर्च हवा असेल, तर ती काम चालू असलेल्या देशातच झालेली हवी.

आणि नोटीस! घटना कळल्यापासून १४ दिवसांत द्यायची. माझ्या मते खरी जोखीम इथेच असते. साइट ऑफिस गोंधळात असतं आणि पत्र राहूनच जातं. शिवाय मालक विशेष अटींत, म्हणजे त्या कंत्राटापुरत्या अटींत, ही कलमं बदलतात; त्या अटी आधी वाचा.